पेटीतले पाच नंबर

बशोरत-ओपांकडे चहाला गेलं की किटलीतला पहिला घोट त्या स्वतः घेतात, मग पाहुण्याची पियाली भरतात. तसं आमच्या कोकंद शहरातल्या कुठल्याही घरी होतं, पण ओपा, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या ताई, तो घोट जिभेवर धरून थोडा वेळ थांबतात. आपल्या हातानं केलेल्या, आपल्याच किटलीतल्या चहावर या बाईचा भरवसा नाही. आमच्यापैकी कोणाचं काय घेऊन बसलात!

स्वभावाला औषध नसतं हे खरं, पण ओपांचा स्वभाव जन्माचा नव्हे, नोकरीचा आहे. रेशीम गिरणीत तीस वर्षं त्या गोदामावर होत्या. संध्याकाळचा भोंगा झाला की गेटवर उभं राहून बायकांच्या पिशव्या, झग्यांच्या बाह्या, पोटाशी बांधलेली फडकी तपासायची. गरोदर बाईच्या पोटावरसुद्धा हात फिरवायच्या. दोनदा ते पोट रेशमाच्या लडींचं निघालं, तेव्हापासून कोणतंच पोट त्यांना खरं वाटेना. गिरणी बंद पडली, नवरा गेला, मुलगा बोतिर बायकोला घेऊन दूर परदेशी कालूगाला बांधकामावर गेला, मुलगी अंदिजानला दिली. मागे उरलं एक अंगण, एक तुतीचं झाड, दोन खोल्या आणि ओपा. तपासायला आता मोहल्ला होता.

बाहेर जाताना त्या फाटकाच्या फटीत स्वतःचा एक केस अडकवून जायच्या. परतल्यावर तो जागेवर आहे का ते आधी बघायचं, मग कुलूप काढायचं. उंबऱ्यावर पिठाची चिमूट टाकलेलीही मी पाहिली आहे. पावलं उमटली होती ती चिमण्यांची. ओपा म्हणाल्या, "चिमण्याच कशावरून?"

चोरण्यासारखं त्यांच्याकडे होतं तरी काय? एकच चीज. त्यांच्या आईची पिरोजाच्या खड्यांची सोन्याची कानातली, तळहाताएवढी लांब. दुष्काळात आईनं ती विकली नाहीत, नवऱ्याच्या आजारपणात ओपांनी विकली नाहीत. येत्या शरद ऋतूत अंदिजानची नात नोझिमा बोहल्यावर चढायची होती आणि तिच्या कानात ती आजीनं स्वतः घालायची होती. "तेवढं झालं की डोळे मिटले तरी चालतील," असं त्या बोलून दाखवायच्या. कानातली कुठे ठेवली आहेत ते मात्र मुलीलाही ठाऊक नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर मागच्या गल्लीत चोरी झाली. टीव्ही गेला, लग्नाचा गालिचा गेला. आणि नेमकं त्याच सुमारास ओपांना लग्नाच्या शिलाई-टिपाईला म्हणून पंधरा दिवस अंदिजानला जायचं होतं. कानातली सोबत न्यायला त्या तयार नव्हत्या. वडापच्या गाडीत शेजारी कोण बसेल सांगता येत नाही, आणि मुलीच्या सासरच्यांनी आधीच बघितली तर लग्नात कौतुक काय राहिलं? म्हणून एका सकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"मुअल्लिमा, चल बाजारात. चोर आला की ओरडणारं यंत्र घ्यायचंय."

मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे, म्हणून मोहल्ल्याची मी मुअल्लिमा, आणि म्हणूनच कोणाचा फ्रिज बिघडला तरी बोलावणं मला. आमची दोघींची भिंत एकच. तिच्यात एक लहानसं दारही आहे, भाजीची वाटी द्यायला-घ्यायला. ओपांच्या दुसऱ्या अंगाला हाशिम-बोबोंचं, म्हणजे हाशिम आजोबांचं घर.

बाजाराच्या टोकाला विजेच्या सामानाची रांग आहे. तिथे उल्मस नावाचा दुकानदार आहे, लाघवी बोलणारा. लाघवी बोलणं म्हणजे ओपांच्या लेखी अर्धा गुन्हा. त्यानं आधी तारांचं यंत्र दाखवलं. ते मीच नको म्हटलं. ओपांच्या भिंती कच्च्या मातीच्या, भोक पाडायला गेलं तर ढेकूळच हातात यायचं. मग त्यानं कॅमेऱ्याचं काढलं. घरात काय चाललंय ते फोनवर दिसतं म्हणाला.

"कोणाच्या फोनवर?" ओपांनी विचारलं.

"तुमच्या, अम्मा."

"आणि तुझ्या?"

"माझ्या कसं दिसेल?"

"तेच तुला विचारतेय, कसं दिसेल?"

उल्मसनं कॅमेरा मुकाट्यानं खोक्यात घातला. तिसरं यंत्र होतं पहारेकऱ्यांच्या कंपनीचं. दरमहा वर्गणी भरायची, घंटा झाली की गाडी घेऊन माणसं येणार. ओपा म्हणाल्या, "म्हणजे घर कधी रिकामं असतं हे चार दांडग्या गड्यांना मी पैसे देऊन कळवू?" हे ऐकून शेजारच्या दुकानातला माणूसही हसला. मी नाही हसले. खरं सांगायचं तर मला ते पटलं.

शेवटी उरली सहा लाख सोमची, इथल्या मानानं साधीच पेटी. पुस्तकाएवढी पांढरी पेटी, वर शिट्टी मारणारा भोंगा. दाराला लावायचे चुंबकाचे दोन जोड, त्यांची ताटातूट झाली की पेटी बोंबलणार. हालचाल ओळखणारा एक डोळा, किल्लीच्या जुडग्यात अडकवायचे दोन रिमोट. भिंतीत तार ओढायची नाही. वीज गेली तरी आतल्या बॅटरीवर आठ तास चालेल. पोटात फोनचं सिमकार्ड घातलं की भोंग्याबरोबर ती फोनही लावणार. घासाघीस करून मी ती पाच लाखांवर आणली.

"मांजर फिरलं तर ओरडेल?" ओपांनी विचारलं.

"नाही अम्मा, छोट्या जनावराला हा डोळा सोडून देतो."

"आणि चोर रांगत आला तर?"

उल्मसनं माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या गाड्यावरच्या तुतीच्या टोपल्या बघत राहिले.

"परत करायची झाली तर पंधरा दिवसांत आणा," तो कंटाळून म्हणाला.

"बिघडणार आहे हे तुला आत्ताच ठाऊक आहे?" ओपा म्हणाल्या, पण पेटी घेतली.

परतताना गल्लीच्या तोंडाशी मुकद्दस दिसली. हाशिम-बोबोंच्या नातवाची बायको, वर्षाभरापूर्वी पार दक्षिणेकडच्या देनोवहून आलेली. बोलायची तिकडच्या ढंगानं, त्यामुळे बाजारातल्या बायका तिला एकच वाक्य दोनदा बोलायला लावून हसायच्या. पहाटे उठून सासरचं अंगण आणि फाटकापुढचा रस्ता झाडायचा हे आमच्याकडे सुनेचं कामच, पण ही ओपांच्या फाटकापुढचंही झाडायची.

"माझ्या दारासमोर हिचं काय हरवलंय?" ओपा हळूच म्हणाल्या. "रोज झाडते. केस उडून जातो माझा. कोणाची कोण आहे गं ही?"

उन्हात चालून माझं डोकं तापलं होतं. मी म्हणाले, "काय की. हिचा भाऊ चोरीत आत होता म्हणे."

म्हणे! नानवाईणीकडे रोट्या घेताना कानावर पडलेलं. कोणी सांगितलं, कोणाबद्दल सांगितलं, मी विचारलंही नव्हतं. ओपा रस्त्यातच थांबल्या. त्यांच्या मनात शंकेची पाल नुसती चुकचुकत नव्हती, आता ती भिंतीवरून खाली उतरली.

पेटी मी बसवली. एक चुंबक फाटकाला, दुसरा आतल्या खोलीच्या दाराला. त्या खोलीला कुलूप नव्हतं, नुसता आकडा. आत संदुकीवर छतापर्यंत रचलेल्या कुरपाचा, म्हणजे बसायच्या लांब गाद्या. त्यांच्यासमोरच्या कोपऱ्यात डोळा लावला. कारखान्याचा ठरावीक आकडा बदलून आपला गुप्त आकडा घालायची वेळ आली तेव्हा ओपांनी मला खोलीबाहेर काढलं. दहा मिनिटांनी दार उघडून म्हणाल्या, "ये. पण डोळे मिटून सांग, पुढे काय दाबायचं." मी साठीची बाई, भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि सांगितलं.

मग आले नंबर. पेटीत पाच नंबर बसतात. चोर आला की ती एकामागून एक फोन लावते, कोणी उचलेपर्यंत.

"पहिला बोतिर," ओपा म्हणाल्या.

"ओपा, तो कालूगाला आहे."

"माझा मुलगा आहे तो. दुसरा अंदिजानचा घाल."

"आणि तिसरा माझा घालते. भिंतीला भिंत आहे."

ओपांनी पियाली खाली ठेवली. "तुझ्याकडे सतरा माणसं येतात-जातात, मुअल्लिमा. तुझा फोन टेबलावर पडलेला असतो. कोणी उचलला, कोणी बंद केला, काय सांगावं?"

"मग तिकडचे, हाशिम-बोबोंचे?"

"त्या घरात? आता?"

म्हणजे तीन जागा रिकाम्या राहिल्या. मला राग आला. वीस वर्षं हिच्या घरचे फ्यूज मी बदलले, हिच्या नवऱ्याच्या आजारपणात इंजेक्शनं मी आणली. पण मी गिळून टाकलं, कारण म्हाताऱ्या माणसाशी भांडून उपयोग काय, आणि शिवाय त्या दिवशी ओपांकडे सामसा, म्हणजे आमचे समोसे, होते.

ओपा अंदिजानला गेल्या. पाचव्या दिवशी सकाळी न्याहारी करता करता हाशिम-बोबो गेले. नव्वदीचे होते, हातात नानचा तुकडा तसाच होता.

आमच्यात मौत झाली की शेजारच्या घरांची दारं दार राहत नाहीत. पुरुष कमरेला फडकी बांधून गल्लीत ओळीनं उभे राहतात, आणि बायका उजव्या-डाव्या घरांतून कुरपाचा, ठेंगणी मेजं, पियाल्या उचलून आणतात. विचारायचं नसतं. विचारलं तर शेजाऱ्याला वाटेल, ह्यांनी मला परकं धरलं. प्रत्येकीनं आपल्या गादीच्या कोपऱ्याला रंगीत दोऱ्याची खूण केलेली असते, तिसऱ्या दिवसाचं झालं की ज्याची त्याच्याकडे परत. माझ्याकडच्या सहा कुरपाचा गेल्या, पुरल्या नाहीत. मी तीन बायकांना म्हणाले, "चला, बशोरत-ओपांकडच्या काढू." भिंतीतल्या लहान दाराला ओपांनी त्यांच्या बाजूनं कडी घातली होती. ती मी सुरीनं फटीतून उचलली, आतल्या खोलीचा आकडा काढला आणि दार ढकललं.

त्या दाराला चुंबक मीच लावला होता. मीच. पण घरात प्रेत असताना कोणाला चुंबक आठवतो?

असा काही भोंगा वाजला की तुतीवरच्या चिमण्या एकदम उडाल्या. पलीकडे विलाप चालला होता तो थांबला. गल्लीत मय्यतीला आलेले लोक भिंतीवरून डोकावू लागले. आम्ही एक गादी पेटीवर दाबून धरली, तर ती आतून कुंथत राहिली. तेवढ्यात माझा फोन वाजला. कालूगाहून बोतिर.

"मुअल्लिमा-ओपा, धावा! आमच्या घरात चोर शिरलाय!"

"मीच शिरलेय बाळा. हाशिम-बोबो गेले. हे थोबाड कसं बंद करायचं ते सांग."

"इन्नालिल्लाह... गुप्त आकडा फक्त अम्मीला ठाऊक आहे."

हजारो किलोमीटर जाऊन ती हाक माझ्याच घराशेजारी परत आली होती. मी पेटीची विजेची पिन उपटली, मागचं झाकण उघडून बॅटरी काढली. मग आम्ही अकरा कुरपाचा डोक्यावर घेऊन पलीकडे गेलो.

बोतिरनं अंदिजानला कळवलं होतं, दुपारी ओपा पोचल्या. रीतीप्रमाणे फाटकातूनच मोठ्यानं रडत आत आल्या, गेलेल्याच्या मुलीच्या गळ्यात पडल्या. रडणं खरं होतं, बोबोंनी त्यांच्या नवऱ्याची कबर खणायला हात लावला होता. पण गळ्यात पडल्या पडल्या त्यांची नजर मात्र बायकांच्या खोलीतल्या एकेका गादीवरून सरकत होती. पिवळ्या दोऱ्याच्या खुणेवर थांबायची, पुढे जायची. एका जुन्या लाल मखमली कुरपाचापाशी ती थांबली आणि तिथून हललीच नाही. त्या गादीवर कुराण वाचणाऱ्या ओतिन-आई बसल्या होत्या. देह भरभक्कम, आणि वाचताना त्यांना कोणी उठवत नाही.

ओपा त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. दोन तास बसल्या. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी मी सगळ्यांना गरम पाणी द्यायला उठले, तेव्हा ती लाल गादी तिथे नव्हती. ओपा जरा वेळ नमाजाला म्हणून उठल्या होत्या, तेवढ्यात.

"लाल गादी कुठे गेली?" त्यांनी मुकद्दसला विचारलं. आवाज असा, गिरणीच्या गेटवरचा.

"ओतिन-आईंना टोचत होतं म्हणाल्या, अम्मा," मुकद्दस तिच्या दक्षिणी हेलात म्हणाली. "मी बदलून दिली. आत घडी करून ठेवलीये."

माझं मनगट धरून ओपांनी मला ओसरीच्या कोपऱ्यात नेलं. त्यांची नखं रुतत होती.

"कानातली त्यात आहेत."

"गादीत?"

"मधल्या टाक्याखाली, चिंधीत. मीच शिवलीत. ओतिन-आईंना टोचलं म्हणजे या पोरीनं हात लावून बघितलं असणार. गेली मुअल्लिमा. नोझिमाची कानातली गेली. तूच म्हणालीस ना, भाऊ चोर आहे?"

"आत्ता मागून घेऊ गादी."

"तिसऱ्याच्या आधी? मयताच्या घरून गादी ओढून नेऊ? लोक तोंडात शेण घालतील."

आणि तेही खरं होतं. तीन दिवस ती गादी त्या घरातून हलवता येत नव्हती. तीन दिवस ओपा सकाळी येऊन संध्याकाळी उठायच्या. मुकद्दस चहा भरून पुढे करायची, तर पियाली घेताना बोटंसुद्धा लागू द्यायच्या नाहीत. ती खोलीत गेली की ओपांची मान वळायची, ती बाहेर आली की ओपा तिच्या बाह्यांकडे बघायच्या. आणि माझं काय? मीही बघत होते. एकदा तर ती सासूच्या कानात काही बोलली तेव्हा मी सरकून जवळ गेले. लाज वाटते सांगायला, पण त्या तीन दिवसांत बोबोंसाठी मी एकदाही मनापासून दुआ मागितली नाही. पोरीला मात्र काही कळत होतं की नाही कोण जाणे. पहाटे झाडूचा आवाज दोन्ही फाटकांपुढून रोजच्यासारखाच येत होता.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाली. मुकद्दसनं अकराच्या अकरा कुरपाचा उन्हात घालून, काठीनं झटकून आणून दिल्या. तीन खेपा केल्या. लाल गादी सगळ्यांत वर होती. पोर गेल्यावर ओपांनी दाराला आकडा घातला आणि कात्री माझ्या हातात दिली.

मधला टाका मी चाचपला. आत काहीतरी होतं. "आहे ओपा, आहे!"

"थांब." त्यांनी माझा हात धरला. "हा माझा दोरा नाही."

ओपांचा टाका पांढऱ्या दोऱ्याचा, लांब लांब, गोणी शिवल्यासारखा. इथे लाल मखमलीला शोभेल असा लाल दोरा होता आणि इतके बारीक टाके की नखानंही उचलता येईनात. आमच्याकडे कोणी असं शिवत नाही. कापलं. आत कानातली होती, दोन्ही. ओपांची जुनी चिंधी नव्हती, धुतलेला नवा रुमाल होता. आणि रुमालाभोवती कापसाची जाड गुंडाळी केलेली होती, बसणाऱ्याला पुन्हा टोचू नये म्हणून.

ओपा जमिनीवर बसल्या. कितीतरी वेळ पिरोजाचा एकेक खडा अंगठ्यानं पुसत राहिल्या. मग रडल्या, आणि यावेळी त्यांची नजर कुठेच फिरत नव्हती.

"एक शब्द बोलली नाही," त्या म्हणाल्या. "सापडलं म्हणून सांगितलं असतं तर सगळ्या बायकांना कळलं असतं मी कुठे लपवते ते. म्हणून बोलली नाही. आणि मी तिच्या बाह्या तपासत होते."

माझ्याकडे बोलण्यासारखं होतं, पण ते मी बोलले नाही.

"पेटी आण," ओपा म्हणाल्या. "बॅटरी घाल. पहिला नंबर मुकद्दसचा. बोतिरला खाली ढकल. आणि तुझाही घाल, मुअल्लिमा. चुकलंच माझं, तेव्हाच घालायला हवा होता."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, पहिला माझा नाही म्हणून थोडं लागलंही. मुकद्दसचा नंबर मी घातला. ओपांनी दुसरा रिमोट रुमालाला पुसला, ताटलीत चार सामसा घेतले, आणि माझा नंबर घालायचं परतल्यावर ठरवून आम्ही दोघी पलीकडे गेलो.

मुकद्दस अंगणात मोठी कढई घासत होती. ओपांनी तिच्या ओल्या हातात रिमोट दिला.

"हे बटण दाबलं की पेटी झोपते. मी नसले की घर तुझ्याकडे."

"माझ्याकडे?" पोर गोंधळली. "मुअल्लिमा-ओपा आहेत ना, अम्मा."

"तुझ्याकडे," ओपा म्हणाल्या. कानातल्यांचं दोघींपैकी कोणीच काढलं नाही. मग ओपांना वाटलं असावं की एवढ्यानं भागत नाही, आणखी काहीतरी प्रेमाचं बोलायला हवं. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या भावाचं काही असेल तर सांग हो. सुटला का तो? माणूस एकदा चुकतो. मी बोतिरशी बोलेन, तिकडे कामाला लावेल."

मुकद्दसनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कोणता भाऊ, अम्मा? आम्ही चौघी बहिणीच. भावासाठी आईनं किती नवस केले, झालाच नाही."

कढईतलं पाणी टपटप खाली पडत होतं. सावकाश मान वळवून ओपांनी माझ्याकडे बघितलं, अगदी गिरणीच्या गेटवर झग्याकडे बघत तसं. इतक्या वर्षांच्या शेजारात ती नजर त्यांनी सगळ्या मोहल्ल्यावर फिरवली होती. एवढ्या रास्त जागी ती पहिल्यांदाच पडली होती.

ओपांकडे परतल्यावर मी पेटी पुढे ओढली. "नंबर घालते ओपा, माझा."

ओपांनी चहा ओतला, पहिला घोट घेतला, जिभेवर धरला. मग पियाली माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "राहू दे. दोन जागा रिकाम्या असलेल्या बऱ्या."